मागच्या गाडीचं वजन: जुना काटा, नवा संगणक आणि आभासी सिरीयल पोर्ट

हंगाम सुरू व्हायला आठ दिवस होते आणि काट्याच्या केबिनमधला संगणक गेला. पश्चिम महाराष्ट्रातला एक साखर कारखाना, भरलेल्या गाड्यांचे त्याचे दोन काटे, त्यातला हा एक. पावसाळाभर केबिन बंद होती. आत ओल धरली, मदरबोर्डवर हिरवट गंज चढला. चाचणीला बटण दाबलं तर पंखा दोन वेढे फिरला आणि थांबला. हार्ड डिस्क तेवढी शाबूत निघाली.

मी पोहोचलो तोवर ईडीपी विभागानं (कारखान्याच्या संगणक विभागानं) नवा छोटा संगणक आणून ठेवला होता. विंडोज १०, ६४ बिट, चार यूएसबी खाचा. नऊ पिनांचं सिरीयल पोर्ट, एकामागून एक बिट पाठवणारी जुनी खाच, मात्र कुठंच नाही. काट्याचा सगळा कारभार तर त्या नऊ पिनांवर चालायचा.

रचना साधी होती. प्लॅटफॉर्मखाली लोडसेल (भाराचा विजेचा संकेत करणारे संवेदक), केबिनमध्ये लाल आकड्यांचा इंडिकेटर, इंडिकेटरच्या पाठीतून निघालेली आरएस-२३२ या सिरीयल मानकाची एक केबल. केबलमध्ये कामाच्या तारा तीनच: २, ३ आणि ५ नंबरच्या पिनेवरच्या. संगणकावर व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये लिहिलेला काटा प्रोग्रॅम. काटा क्लार्क गाडीचा नंबर आणि चिटबॉयच्या (शेतावर उसाची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या माणसाच्या) चिठ्ठीचा नंबर टाकायचा, ‘वजन घ्या’ हे बटण दाबायचा, प्रोग्रॅम पोर्ट उघडून एक वजन वाचायचा, पोर्ट बंद करायचा, पावती छापायचा. लिहिणारा माणूस कारखाना सोडून गेलेला, मूळ कोड कुणाकडेच नाही. आणि त्या प्रोग्रॅमच्या पोटात कॉम १ (विंडोज सिरीयल पोर्टांना कॉम १, कॉम २ अशी नावं देतं) हा पोर्ट कायमचा कोरलेला.

पहिला प्रश्न सगळ्यांनी विचारला तो हा की, इंडिकेटरच नवा का घेत नाही? नेटवर्कची केबल लागणारे इंडिकेटर बाजारात मिळतात. पण काटा म्हणजे व्यवहाराचं वजनयंत्र. वैधमापनशास्त्र अधिनियम, २००९ नुसार त्याची पडताळणी होते, निरीक्षक शिक्का मारतात, सील लावतात. इंडिकेटर बदलला की काटा पुन्हा पडताळून घ्यावा लागतो, प्रमाणित वजनं आणावी लागतात, तारीख मिळावी लागते. गाडीतळावर बैलगाड्या लागायला आठ दिवस उरलेले असताना ते धाडस कुणी करणार नव्हतं. माझं मतही तेच होतं. इंडिकेटर नीट चालत होता, त्याचं सील ताजं होतं, त्याच्यावर शेतकऱ्यांचा विश्वास होता. बिघडली होती ती इंडिकेटरपासून प्रोग्रॅमपर्यंतची वाट. म्हणून दुरुस्ती वाटेचीच करायची असं ठरलं.

त्यात कार्यालयानं आणखी एक मागणी जोडली. ऊस बिलांसाठी नवी प्रणाली बसवली होती, तिलाही वजन थेट हवं होतं. म्हणजे इंडिकेटर एक, तार एक, आणि ऐकणारे प्रोग्रॅम दोन.

इथं विंडोज आडवं येतं. सिरीयल पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रॅमला मिळतं. एकानं उघडलं की दुसऱ्याला ‘पोर्ट आधीच उघडं आहे’ म्हणून परत पाठवतात. आरएस-२३२ हे मानक १९६० च्या दशकातलं, त्याची ‘सी’ आवृत्ती १९६९ ची. एका टोकाला एक यंत्र, दुसऱ्या टोकाला एक यंत्र, हाच त्याचा मूळ विचार. वाय केबल करून दोन संगणक ऐकायला बसवता येतात आणि बऱ्याचदा ते चालतंही. पण मानकात एका ऐकणाऱ्याचा रोध ३ ते ७ हजार ओहम धरलेला असतो. दोघं समांतर जोडले की तो निम्म्यावर येतो आणि इंडिकेटरच्या जुन्या चिपवर भार पडतो. सीलबंद यंत्रावर मी तो प्रयोग केला नाही.

उरला आभासी पोर्टांचा मार्ग. कॉम-झीरो-कॉम नावाचा मुक्त ड्रायव्हर (विंडोजला उपकरणांशी जोडणारं सॉफ्टवेअर) विंडोजमध्ये पोर्टांची जोडी तयार करतो. जोडीतल्या एका पोर्टात लिहिलं की ते दुसऱ्यातून बाहेर येतं, जणू दोघांमध्ये उलटसुलट जोडलेली केबल आहे, फक्त ती केबल संगणकाच्या स्मृतीत आहे. त्याच्याच सोबतीचा हब-फोर-कॉम हा प्रोग्रॅम खऱ्या पोर्टावर आलेलं एकेक अक्षर अनेक पोर्टांना वाटून देतो. आखणी अशी केली: यूएसबी खाचेतून सिरीयल जोडणी देणाऱ्या केबलचं खरं पोर्ट कॉम ५. एक जोडी कॉम १ आणि कॉम ११ ची, दुसरी कॉम १२ आणि कॉम १३ ची. हब कॉम ५ वरून वाचणार आणि कॉम ११ व कॉम १३ मध्ये टाकणार. जुना प्रोग्रॅम कॉम १ उघडणार, आपण पंधरा वर्षांपूर्वीच्याच पोर्टावर बसलोय अशा समजुतीत. बिलांची प्रणाली कॉम १२ वर.

ड्रायव्हरबद्दल एक गोष्ट आधीच सांगतो. ६४ बिट विंडोज सही (डिजिटल स्वाक्षरी) नसलेला ड्रायव्हर घेत नाही. यावर विंडोज टेस्ट मोडमध्ये टाका असा सल्ला सर्रास मिळतो. काट्याच्या संगणकावर ते करू नये. ज्या संगणकावर लोकांच्या घामाचं वजन उतरतं तिथं कुठलाही ड्रायव्हर आत येईल असं दार उघडं ठेवायचं नाही. सही असलेली आवृत्ती शोधून तीच बसवली.

शून्यं बरोबर, बाकी अर्धे आकडे चूक

आधी इंडिकेटर नेमकं काय बोलतो ते ऐकणं भाग होतं. त्याच्या सेटिंगचा मेनू सीलच्या आत, म्हणून कानोसा घेत शोधायचं. लॅपटॉप जोडला, टर्मिनल उघडलं, २४०० बॉड (सेकंदाला २४०० बिट) लावलं, बाकी नेहमीप्रमाणे ८ बिट, पॅरिटी (चूक पकडायचा जादा बिट) नाही. रिकाम्या काट्यावर पडद्यावर स्वच्छ सहा शून्यं धावायला लागली. पाच मिनिटं मला वाटलं की जमलं.

मग एक ट्रॅक्टर, नुसतं मुंडकं, काट्यावर घेतलं. इंडिकेटरवर २३६०. माझ्या पडद्यावर दोन शून्यं, मग वर्गाच्या खुणेसारखा वर चढलेला चिमुकला दोन, आणि पुढं ३६०. ट्रॉली जोडून आणली तेव्हा १ च्या जागी अधिक-उणे चिन्ह, ४ च्या जागी एक तिरकी रेघ.

हे निरखण्यासारखं आहे, कारण यात रोगाचं निदान आपणहून लिहिलेलं असतं. इंडिकेटर ७ बिट पाठवत होता आणि आठवा बिट सम पॅरिटीचा होता. अक्षरातल्या एकांची संख्या सम असेल तर आठवा बिट शून्य, विषम असेल तर एक. ०, ३, ५, ६ आणि ९ या आकड्यांच्या सात बिटांमध्ये एकांची संख्या सम भरते, म्हणून ते ८ बिटांत वाचले तरी जसेच्या तसे येतात. १, २, ४, ७ आणि ८ मध्ये ती विषम, म्हणून त्यांना वरचा बिट चिकटतो आणि भलतीच चिन्हं उमटतात. रिकाम्या काट्यावर फक्त शून्यं असल्यामुळं चूक लपून राहते. कुणाच्या पडद्यावर बरोबर हेच पाच आकडे बिघडलेले दिसले तर तार, अर्थिंग, केबल काही तपासू नका. ७ बिट, सम पॅरिटी, १ स्टॉप बिट (अक्षर संपल्याचं सांगणारा) लावा.

सेटिंग लागल्यावर संदेशाचा आकार उघड झाला. सुरुवातीची खूण, चिन्ह, सहा आकडे, वजन स्थिर की हलतंय ते सांगणारं एक अक्षर, आणि शेवटची खूण. दहा अक्षरं. स्टार्ट आणि स्टॉप धरून एका अक्षराला दहा बिट लागतात, म्हणजे २४०० बॉडला सेकंदाला २४० अक्षरं, म्हणजे २४ वजनं. इंडिकेटर अखंड बोलत होता, कुणी ऐको न ऐको.

टेबलावरचा काटा

कारखान्याच्या काट्यावर दिवसभर प्रयोग करता येत नाहीत. म्हणून मी लॅपटॉपलाच इंडिकेटर बनवलं. पायथनमध्ये चाळीसेक ओळींची स्क्रिप्ट लिहिली. ती तोच दहा अक्षरांचा संदेश, त्याच वेगानं, तशाच पॅरिटीनं पाठवायची. लॅपटॉपची यूएसबी केबल आणि नव्या संगणकाची यूएसबी केबल मध्ये उलट तारेनं जोडली. म्हणजे खरी केबल, खरा चिप, हब, आभासी जोड्या, जुना प्रोग्रॅम, सगळी वाट एकदम तपासली जाणार होती.

१५,२४० किलो पाठवत ठेवलं. प्रोग्रॅममध्ये बटण दाबलं, १५,२४० आलं. पन्नास वेळा दाबलं, पन्नास वेळा तेच. शेजारी बिलांच्या प्रणालीच्या खिडकीतही तेच. मी समाधानी होतो आणि घरी निघायच्या तयारीत होतो.

काटा क्लार्क अण्णा मागं खुर्ची टाकून बघत होते. वीसेक हंगाम त्यांनी त्या केबिनमध्ये काढलेले. ते म्हणाले, “साहेब, एकच गाडी किती वेळा घेताय? दुसरी येऊ द्या की.”

मी स्क्रिप्ट बदलली. पहिली गाडी १५,२४०, मग उतरते, काटा शून्यावर येतो, दुसरी चढते, आकडा हेलकावतो, २१,८६० वर स्थिर होतो. अण्णांनी स्वतः बटण दाबलं. पहिली गाडी १५,२४०. दुसरी गाडी स्थिर झाली, लॅपटॉपवर २१,८६० स्पष्ट दिसत होतं. अण्णांनी बटण दाबलं आणि प्रोग्रॅममध्ये आलं १५,२४०.

“मागच्या गाडीचं वजन आलंय हे.”

पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्या गाडीला दुसरीचं वजन आलं.

त्या दोन आकड्यांत ६,६२० किलोंचा फरक आहे. २०२४-२५ च्या हंगामाची एफआरपी (सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर) १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलमागे ३४० रुपये होती. त्या हिशेबानं तोडणी-वाहतूक वजा जाण्याआधी हा फरक साडेबावीस हजार रुपयांच्या घरात जातो. एका खेपेला. आणि पावतीवर सगळं व्यवस्थित छापलेलं, वजन स्थिर असल्याची खूणही बरोबर. कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं. मला तेव्हा खरोखर घाम फुटला, आणि अजूनही त्या क्षणाची आठवण झाली की पोटात कालवतं.

कारण शोधायला उरलेला दिवस गेला. खरी तार आणि आभासी तार इथं वेगळ्या वागतात. खऱ्या पोर्टावर कुणी ऐकत नसेल तर आलेली अक्षरं हवेत विरतात. जुना प्रोग्रॅम पोर्ट उघडायचा तेव्हा त्याला त्या घडीचं वजन मिळायचं, आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं याच गृहीतावर सगळं उभं केलं होतं. कॉम-झीरो-कॉमची जोडी मात्र मुळात काहीही हरवू न देण्याच्या धोरणानं चालते. पलीकडचं टोक बंद असलं तर लिहिलेली अक्षरं वाट बघत थांबतात. अण्णांनी पहिल्या गाडीचं वजन घेतलं, प्रोग्रॅमनं पोर्ट बंद केलं, त्याच क्षणी हबनं टाकलेलं पुढचं वजन (अजून पहिलीच गाडी उभी होती) दारात अडकलं. दुसऱ्या गाडीला पोर्ट उघडलं तेव्हा दारातलं तेच पहिल्यांदा आत आलं. माझ्या पन्नास चाचण्यांत वजन एकच असल्यामुळं शिळं आणि ताजं वेगळं ओळखू येणं शक्यच नव्हतं.

उपाय एका ओळीचा निघाला. जोडीच्या सेटिंगमध्ये ‘एम्यू-ओव्हररन’ नावाचा पर्याय आहे, तो मुळात बंद असतो. तो दोन्ही टोकांना चालू केला की ऐकणारा नसताना किंवा बफर (अक्षरं तात्पुरती साठवायची जागा) भरलेला असताना आलेली अक्षरं टाकून दिली जातात, अगदी खऱ्या तारेसारखी. त्यानंतर आम्ही दोनशे गाड्या टेबलावरून सोडल्या, प्रत्येकीचं वजन वेगळं, मधलं अंतर कधी पाच सेकंद, कधी दहा मिनिटं. स्क्रिप्टनं पाठवलेली आणि प्रोग्रॅमनं नोंदवलेली वजनं ओळीनं ताडून बघितली. दोनशेच्या दोनशे जुळली. अण्णांनी मग चहा मागवला.

मला इथं इम्युलेशनबद्दल, म्हणजे यंत्राची नक्कल करण्याबद्दल, एक ठाम मत झालं. यंत्राच्या संदेशाची नक्कल करायला एक संध्याकाळ पुरते. पण काट्यावर नक्कल करायची असते ती गाडी चढण्याची, हेलकावे खाण्याची, उतरण्याची, ड्रायव्हर खाली उतरून चहाला जाण्याची. ही माहिती कुठल्याच मॅन्युअलमध्ये नसते. ती अण्णांच्या खुर्चीत बसलेली असते, आणि मी पहिल्या दिवशी तिला विचारलंच नव्हतं.

प्रत्यक्ष काट्यावर

बाकीच्या अडचणी लहान होत्या. जुना प्रोग्रॅम नव्या विंडोजवर चालायला त्याचा सिरीयलचा घटक, एमएसकॉम, नव्यानं नोंदवावा लागला. आभासी पोर्टाला बॉड आणि पॅरिटीचं सोयरसुतक नसतं, ती फक्त हबनं कॉम ५ उघडताना बरोबर द्यायची. आधीची एक स्वस्त यूएसबी केबल नव्या ड्रायव्हरनं ओळखलीच नाही. दुसरी एफटीडीआय कंपनीच्या चिपची घेतली, तिच्या चिपला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळं झाडलोट करताना कुणी ती दुसऱ्या यूएसबी खाचेत खोचली तरी पोर्टाचा नंबर कॉम ५ च राहतो. यूएसबीची वीज वाचवण्याची सोय विंडोजमधून बंद केली. केबिनच्या आसपास वीज पडण्याचा इतिहास होता, म्हणून केबल ऑप्टिकल विलगीकरणाची (संकेत प्रकाशातून नेऊन विजेचा थेट संबंध तोडणारी) घेतली. महाग पडली, पण इंडिकेटर वाचवायचा तर ती हवीच.

एक गोष्ट मात्र मी आधी ओळखायला हवी होती. खरी केबल निखळली तर पूर्वी प्रोग्रॅम लगेच ओरडायचा. आता कॉम १ आभासी आहे, ते कायम उघडतं, केबल असो वा नसो. केबल काढून बघितली तर प्रोग्रॅम नुसता वाट बघत बसला आणि अण्णांना काहीच कळेना. म्हणून हबला तिसरी शाखा काढली आणि तिच्यावर एक छोटी खिडकी बसवली. तिच्यात शेवटचं वजन आणि ते किती सेकंदांपूर्वी आलं ते दिसतं. तीन सेकंद काही आलं नाही की खिडकी लाल होते. वीज जाऊन आली की हब आपोआप सुरू होतो, केबल निखळून परत लागली तर बंद पडून पुन्हा उठतो.

आता जे लिहितो आहे त्याच्यासाठी मी हे सगळं प्रकरण लिहायला घेतलं.

जी स्क्रिप्ट मला काट्यासारखं बोलू देते, तीच स्क्रिप्ट कुणाच्याही हातात काट्यासारखं बोलू शकते. कॉम १ च्या पलीकडे इंडिकेटर आहे की मी लिहिलेल्या चाळीस ओळी, हे जुन्या प्रोग्रॅमला कळायचा कुठलाही मार्ग नाही. इंडिकेटरचं सील अखंड राहील आणि तरी पावतीवर हवा तो आकडा छापता येईल. काटामारी हा शब्द उसाच्या पट्ट्यात लहान पोरालाही माहीत आहे. शेतकरी वर्षभर पाणी देतो, खत घालतो, तोड मिळावी म्हणून आठवडेच्या आठवडे थांबतो, आणि शेवटी सगळं त्या केबिनच्या खिडकीतून येणाऱ्या एका कागदावर येऊन ठेपतं. त्या वाटेत मी सॉफ्टवेअर बसवलं होतं. ते सगळ्यांना दिसेल असं असायला हवं, ही जबाबदारी माझी होती.

म्हणून चार गोष्टी लेखी करून घेतल्या, शेती खात्याच्या आणि ईडीपीच्या अधिकाऱ्यांसमोर. हबमध्ये वाट एकेरी ठेवली: इंडिकेटरकडून बाहेर. कुठल्याही प्रोग्रॅमकडून इंडिकेटरकडे शून्य करण्याचा किंवा दुसरा कसलाही आदेश जात नाही. इंडिकेटरकडून आलेला कच्चा मजकूर, जसाच्या तसा, वेळेसह रोज वेगळ्या फाइलमध्ये साठतो, आणि ती फाइल रोज रात्री केबिनबाहेरच्या संगणकावर जाते. स्क्रिप्ट फक्त माझ्या लॅपटॉपवर आहे. काट्याच्या संगणकावर पायथनसुद्धा बसवलेलं नाही. आणि इंडिकेटरची खिडकीकडे पाठ होती, तो फिरवून असा ठेवला की त्याचे लाल आकडे बाहेर उभ्या ट्रॅक्टरवाल्याला थेट दिसतात. त्या आकड्यांमध्ये माझ्या कुठल्याच सॉफ्टवेअरचा हात नाही, ते सीलच्या आतून येतात. पावती हातात पडली की माणूस मान वर करून ताडून बघू शकतो.

यातली शेवटची गोष्ट फुकट झाली, दोन स्क्रू आणि अर्धा तास. मला विचाराल तर चौघींत तीच सगळ्यांत मोलाची.

हंगामाच्या पहिल्या रात्री मी केबिनमध्येच थांबलो. पहाटे दोनच्या सुमारास एक टायरगाडी आली, बैल दमलेले, गाडीवानासोबत शाल गुंडाळलेली त्याची बायको. गाडी प्लॅटफॉर्मवर चढली, आकडा डोलला, थांबला. अण्णांनी खिडकीतून आवाज दिला, “बघून घे रे, दिसतंय का?” तिनं खालूनच आकडा मोठ्यानं वाचला, ३,९४०. आत पावतीवर ३,९४० छापलं गेलं. कच्च्या फाइलमध्ये त्या सेकंदाच्या चोवीस ओळी मी तिथंच उघडून बघितल्या. सगळ्यांत ३,९४० आणि पुढं स्थिर असल्याची खूण होती.

केबिनच्या कपाटात आता एक जादा केबल आहे, त्याच चिपची, पाकिटात बंद. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला मी एक कागद चिकटवला: पोर्टांचे नंबर, २४०० बॉड, ७ बिट, सम पॅरिटी, १ स्टॉप बिट, ओव्हररन चालू, वाट एकेरी. खाली अण्णांनी निळ्या पेनानं स्वतःची एक ओळ भर घातली आहे: “कुणी काही बदललं तर आधी दोन वेगळ्या गाड्या घ्याव्यात.”